आडवी ती गरीब

४ मार्च, सोमवार

आज पुन्हा तेच — "होय आई!"

मुद्दाम चुकीचं सांगितलं मी. मावशी टेबलावर झोपली होती. मावशी म्हणजे आमच्या सोनोग्राफीच्या खोलीतली मदतनीस. सुनेला शिकवायचं असलं की मी तिलाच झोपवते, पेशंटवर असले खेळ मी करत नाही. तिच्या छातीत चरबीचा एक गोळा दिसत होता, सगळ्या बायकांना असतो तसा. मी त्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही बघ गाठ. काठ गुळगुळीत, साधीच आहे, लिहून टाक." प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा मशीनचा दांडा, नुसता आडव्याचा उभा फिरवला की तो गोळा शेजारच्या चरबीत मिसळून जातो आणि गाठबीठ काही नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. हिने फिरवला! हिला दिसलंही! डोळे बारीक झाले, मी बघत होते ना. आणि तोंडातून काय निघालं?

"होय आई."

मावशी ताडकन उठून बसली. "म्हणजे मला गाठ आहे?"

"तुला काही नाही गं, हिला जीभ नाही!" असं ओरडले मी. उगाच ओरडले. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

परीक्षेत पहिली आलेली मुलगी. हात हलका, नजर तिखट. सून म्हणून घरात आली तेव्हा मला वाटलं, देवाने घरबसल्या वारस पाठवला. महिन्यापूर्वी माझ्या हाताखाली रुजू झाली. खोलीत "मॅडम" म्हणायचं ठरलंय, पण घाबरली की "आई" निघतं. मनातल्या मनात मी तिला गोगलगाय म्हणते. हळू चालते, जरा कोणी हात लावला की आत!

माझं ठरलंय. मशीनसमोरची माझी खुर्ची आणि ही खोली — ज्या दिवशी ही मला तोंडावर "तुम्ही चुकताय" म्हणेल, त्या दिवशी खुर्चीवरची माझी उशी उचलायची, सगळं तिचं. त्याआधी नाही. या खोलीत होयबा माणूस बसला तर बायकांच्या जिवावर बेतेल.

५ मार्च

ह्यांना सांगितलं सगळं. म्हणाले, "लग्न झाल्यापासून मीही होयच म्हणतोय. मला कधी मिळणार खुर्ची?" यांना सगळ्याचीच थट्टा.

९ मार्च, शनिवार

आंघोळ करताना डावीकडे हाताला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं.

दुपारी मावशी जेवायला गेली, सून सुट्टीवर होती. दाराला कडी लावली आणि स्वतःच प्रोब ठेवला. डावीकडची गाठ, उजव्या हातात प्रोब, मान स्क्रीनकडे वळवलेली — काय ती कसरत! पण दिसली. लांबट गोल, आडवी, काठ गुळगुळीत. आत काळीभोर आणि मागे लख्ख उजेड. पाण्याची गाठ. पाण्यातून आवाजाच्या लहरी अडखळत नाहीत, सरळ पार होतात, म्हणून आत काळं आणि मागे उजळ. पुस्तकात छापावी अशी! जेल पुसलं आणि डबा खाल्ला.

या वयात नव्याने पाणी सहसा भरत नाही. पण सहसा म्हणजे काही नेहमी नव्हे. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नाही.

१२ मार्च

बटणावरून भांडण. भांडण कसलं, एकटी मीच भांडले.

गेनचं बटण. चित्र उजळ किंवा गडद करायचं. मी ते खाली ठेवते, सुरुवातीपासून. माझी चित्रं गडद, स्वच्छ, देखणी. मोठ्या हॉस्पिटलचे सर्जन वर नाव न वाचता ओळखतात, ही मॅडमची! उगाच नाही नाव झालं माझं. आणि ही येते, खुर्चीत बसते आणि गुपचूप ते बटण वर. सगळं करडं, गढूळ! मी बसले की खाली. ती बसली की वर. दिवसभर तेच. लोकांच्या घरात सासू-सुनेचं मिठावरून वाजतं, आमचं ह्या बटणावरून.

"का गं वर करतेस सारखं?"

"मला... जरा जास्त दिसतं असं वाटतं, मॅडम."

"काय जास्त दिसतं? धूर?"

"होय आई. म्हणजे — नाही. करते कमी."

आणि केलंही कमी. मी चहा पिऊन परत येते तर बटण वर! गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते हेच. रागवावं की हसावं कळेना. हसले, पण तिच्याकडे पाठ करून.

१६ मार्च, शनिवार

आज ऊर भरून आला. लिहूनच ठेवते.

कॉलेजातली एक मुलगी आली होती, आईचा पदर धरल्यासारखी आईचं मनगट धरून. गाठ लागली होती आणि रात्रभर मोबाइलवर वाचून वाचून तिने स्वतःचं मरण ठरवूनच टाकलं होतं. मी पडद्यामागे दुसरे फोटो बघत होते, तपासत होती सून. मला वाटलं, ही काय बोलणार! "होय" म्हणेल आणि कागद हातात देईल.

तर स्क्रीन त्या मुलीकडे वळवली हिने. "इकडे बघ. ही तुझी गाठ. कशी पसरलीय बघ, आडवी, कातडीला समांतर. काठ सगळीकडून गुळगुळीत. आमच्या मॅडम म्हणतात, आडवी ती गरीब, उभी ती भांडखोर. गरीब गाठ आपल्या थरात पडून राहते, शेजाऱ्याची हद्द मोडत नाही. वाईट गाठ थर फोडत उभी घुसते. तुझी बघ, कशी मुकाट पडलीय."

"नक्की ना?" मुलगी.

"दिसते तरी साधीच. सहा महिन्यांनी परत ये, मीच बघेन. वाढली असली तर सुईने तुकडा काढून तपासू. तोवर मोबाइल आईकडे देऊन टाक."

मुलगी हसली! रडत रडत हसली. तिच्या आईने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. माझं वाक्य हिच्या तोंडून ऐकलं आणि पडद्यामागे मी उगाचच ताठ उभी राहिले, कोणी बघत नसताना. मला असं धीर देऊन सांगायला पंधरा वर्षं लागली होती. ही महिन्याभरात शिकली.

मग पेशंटशी बोलताना जीभ आहे की हिला! माझ्यासमोरच कुठे जाते?

२० मार्च

शिवणकाम करणारी एक बाई. बोटांना सुयांची भोकं. दुसरीकडे दाखवून आलेली, तिथे "साधी आहे, घाबरू नका" म्हणून पाठवलेलं. सुनेने तिला टेबलावर घेतलं ते घेतलं, सोडेचना. बाहेर रांग. मावशी दोनदा येऊन मला म्हणाली, "धाकट्या मॅडम आज इथेच मुक्काम करणार वाटतं." मी म्हटलं, "करू दे."

शेवटी दार किलकिलं झालं. "मॅडम, जरा येता?"

मी गेले. ती हळू आवाजात पण न अडखळता सांगत गेली. "लहान आहे. पण उभी आहे. ह्या बाजूने आडवी वाटते, प्रोब फिरवला की उभी. काठाला काटे आहेत, इथे आणि इथे. आणि मागे सावली." तिकडच्यांनी एकाच बाजूने पाहिलं असणार. मी प्रोब घेतला, फिरवला. शब्द न शब्द खरा!

"लिही," एवढंच म्हटलं मी. बाईंना समजावून सुईच्या तपासणीला पाठवलं. मग हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन आरशात स्वतःकडे बघून हसले. वेडीच मी.

२१ मार्च

ह्यांना चौथ्यांदा सांगितली शिवणवालीची गोष्ट. "अगं, मला पाठ झाली, आता मीच सोनोग्राफी करतो," म्हणाले.

२७ मार्च

सर्जनचा फोन. शिवणवालीचा रिपोर्ट आला, कॅन्सरच. पण अगदी सुरुवातीचा, बाई बरी होईल. "मॅडम, नजर अजून शाबूत आहे हो तुमची!" मी म्हटलं, "माझी नाही, सुनेची." म्हणाले, "सांभाळा हो तिला, आम्ही पळवून नेऊ." हे मी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, परगावी असलेल्या मुलाला फोन करून सांगितलं. बायकोचं कौतुक आईकडून ऐकून चिरंजीव फोनवर बावचळलेच.

एवढं झाल्यावर म्हटलं, आता तरी जीभ सुटली असेल. मावशीला झोपवलं, सापळा लावला. बरगडी दाखवली हिला. बरगडी! आणि म्हटलं, "ही गाठ मला वाईट वाटते." हिने बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत स्क्रीनकडे.

"असेल, मॅडम."

असेल! बरगडी! पण "होय आई"वरून "असेल मॅडम"पर्यंत आलो, हेही नसे थोडके. मावशी म्हणाली, "थोरल्या मॅडम, मला रोज एक नवीन आजार देताय तुम्ही. पगार वाढवा."

२ एप्रिल, मंगळवार

आजचं आजच लिहायचं.

डावीकडची ती गाठ टोचायला लागली होती. आंघोळीत हाताला मोठीही वाटली. म्हटलं, पाणी वाढलं असणार, काढून टाकू. दुपारी मावशी जेवायला गेल्यावर सुनेला म्हटलं, "दार लाव. मला एक पाण्याची गाठ आहे. सुईने पाणी ओढून घे, तुझाही हात बसेल." आणि चढले टेबलावर. इतकी वर्षं या टेबलाशेजारी काढली, पण तिथून छत कधी बघितलंच नव्हतं. एक ट्यूब फडफडते. आणि जेल किती गार असतं! बायका सांगायच्या आणि मी म्हणायचे, एवढं काय.

हिने प्रोब ठेवला. बटणाकडे हात गेला तिचा. वर.

"खाली घे ते."

घेतलं नाही. प्रोब फिरवला, परत फिरवला. मग रंगाचं बटण दाबलं, रक्त वाहत असलं की तिथे लाल-निळं उमटतं ते. बराच वेळ बघत राहिली. आणि मग — हसली! माझी सून, माझ्या खोलीत, मोठ्याने!

"नाही आई! या वेळी नाही फसणार मी! तुम्ही चुकताय. मुद्दाम चुकताय, मला माहितीये. ही पाण्याची गाठ नाहीच. तुमच्या गडद चित्रात काळी दिसते, म्हणून पाणी वाटतं. उजळ केलं की बघा, आत भरीव आहे. काठ लांबून गुळगुळीत, पण जवळून बारीक दातेरी. आणि आत रक्त वाहतंय. पाण्यात कुठून येणार रक्त? आडवी आहे म्हणून काही गरीब नाही ही! म्हणून तर मी बटण वर करते, मॅडम, कधीपासून सांगायचं होतं तुम्हाला! हिला सुई —"

बोलता बोलता माझ्याकडे बघितलं तिने. हसू तिथेच थांबलं. सापळा पकडल्याच्या आनंदात ती विसरूनच गेली होती की गाठ कुणाच्या अंगात आहे.

"आई... तुम्हाला माहीत होतं ना?"

मी म्हटलं, "नाही."

प्रोब तिच्या हातात तसाच. मी म्हटलं, स्क्रीन वळव इकडे. वळवली. बघितलं मी. बटण तिच्या जागी, माझ्या नाही. खरंच भरीव. खरंच दातेरी. लाल-निळे ठिपके लुकलुकत होते. स्वतःच्या हाताने, कडी लावून, मान वाकडी करून बघितलं होतं मी, आणि माझ्या देखण्या काळ्या चित्राने मला फसवलं होतं. दुसऱ्या कुणाची असती तर या वयात पाणी कसं, असं मी पहिलं विचारलं असतं.

"आण सुई," मी म्हटलं. "तुकडा घे. आत्ताच."

"नाही."

"काय?"

"नाही घेणार. घरच्या माणसावर सुई चालवायची नाही, हा तुमचाच नियम. मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं. मी फोन करते." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या पोरीच्या, पण आवाज जागचा हलला नाही. मग काखेतही प्रोब फिरवून बघितलं तिने, तिथे काही नाही म्हणाली. कोमट पाण्यात फडकं भिजवून माझं जेल पुसलं. मी कुणाचं कोमट पाण्याने पुसलं नव्हतं कधी.

आणि मला — खोटं कशाला लिहू — आधी भीती नाही वाटली. आधी वाटलं, बोलली! एकदाची बोलली पोरगी! भीती नंतर आली, घरी येताना रिक्षात.

३ एप्रिल

ह्यांना सांगितलं. माझ्या चहात साखर घालून आणली, मी साखर सोडून किती वर्षं झाली. प्यायले मुकाट.

भरीव असली म्हणजे वाईटच असं थोडीच आहे! साध्या गाठीही भरीव असतात. मी म्हणते साधी आहे. ती म्हणते, "मला संशय आहे, आई." सकाळी चहावर वाद घातला आम्ही दोघींनी, चांगला रंगला. आवाज चढवला तिने! मी काठाबद्दल म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही पेशंट आहात, तुमचं मत धरत नाही मी." ह्यांनी पेपर खाली केला आणि बघत राहिले.

सरळ लिहिते. ती चुकली असेल तर मी सुटले. पण मग आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तोंडावर आपटली, असं होईल. परत "होय आई" सुरू, कायमचं. आणि ती बरोबर असेल तर खोलीला डॉक्टर मिळाली, आणि मला कॅन्सर. कुठलं मागू? जगायचं तर आहेच मला. नातवंडं बघायचीत.

६ एप्रिल, शनिवार

तुकडा काढला. सुई घालणारा तरुण डॉक्टर सारखा "मॅडम, दुखतंय का" विचारत होता. मी म्हटलं, "तू स्क्रीनकडे बघ, माझ्याकडे नको." सून पायाशी उभी होती. मध्येच त्याला म्हणाली, "गेन जरा वर घ्या ना." त्याने घेतला! काही न विचारता घेतला. पडल्या पडल्या माझी मान ताठ झाली.

हे बाहेर माझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. आज त्यांना एकही विनोद सुचला नाही.

८ एप्रिल, सोमवार

खोलीत गेले तर ही मशीनमधली जुनी चित्रं काढून बसलेली. माझी. वय झालेल्या बायकांची, ज्यांना मी "पाण्याची गाठ" लिहून दिलं त्यांची. ज्यांच्यात तिला पुरेसं उजळ चित्र मिळालं नाही त्या सगळ्यांना मावशीकडून फोन करून परत बोलावत होती. मला न विचारता!

चटका बसला. बसणारच. दारातच उभी राहिले. तिने वर बघितलं, उठली नाही, नजरही खाली घातली नाही. "आई, बघायलाच हवं ना?"

"बघायलाच हवं," मी म्हटलं, आणि स्टूल ओढून शेजारी बसले. दुसरी कुणी करत असती तर मी तिचा हेवा केला असता. ही माझी आहे. दुपारपर्यंत तीन बायका येऊन गेल्या, तिघींचंही खरंच पाणी. चौथी उद्या येणार आहे. मावशी सगळ्यांना सांगत होती, "काही नाही हो, धाकट्या मॅडम फार चौकस आहेत."

९ एप्रिल

चौथीचंही पाणीच. हुश्श! माझा रिपोर्ट नाही आला.

१०, ११ एप्रिल

काही नाही. ट्यूब बदलून घेतली टेबलावरची.

१२ एप्रिल, शुक्रवार

ती बरोबर, मी चूक. कॅन्सर आहे.

बारीक आहे, पसरलेला नाही. सर्जन म्हणाले, काढला की निभावेल. मग कागदावरून मान वर करून विचारलं, "अशी फसवी गाठ, एवढी लहान असताना ओळखली कुणी?"

"आमच्या मॅडमनी," मी म्हटलं.

येताना खोलीवर थांबून खुर्चीवरची माझी उशी उचलून घरी आणली.